पाहुण्याचा पेला आणि यजमानाची ऐपत

नीतीचे मोठे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उपस्थित होतात, असा समज नीतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तकें वाचून होण्याचा संभव असतो. बुडत्या नावेंत कोणास जागा द्यावी, निरपराध्याचा जीव वांचविण्यासाठीं खोटें बोलावें कीं काय, असलीं उदाहरणें आम्हीही वर्गांत वर्षानुवर्षें देत आलों आहों. परंतु बहुतेकांच्या जन्मांत नाव बुडण्याचा प्रसंग येत नाहीं. त्यांच्या नीतीची कसोटी लागते ती दुकानांत, खिशांतील पैसे मनांतल्या मनांत मोजीत उभें असतांना. आणि घरीं पाहुणे जेवावयास यावयाचे असले म्हणजे ती विशेष कडक लागते. पाहुण्यांकरितां जी वस्तु घ्यावयाची ती किती किंमतीची घ्यावी, हा प्रश्न दिसावयास हिशेबाचा आहे. पण औदार्य, सत्य, समता आणि लज्जा ह्या चारही विषयांचे धागे त्यांत गुंतलेले असतात. ते थोडेसे उकलून पाहावे ह्या हेतूनें आम्ही आज एकच लहानसें उदाहरण घेत आहों: अमेरिकेंतील सणाच्या जेवणासाठीं आपल्या ऐपतीची वाइन निवडणें.

उदाहरण वाचून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. २०२२ च्या जानेवारींत महाराष्ट्र सरकारनें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला तेव्हां आपल्याकडे केवढा गहजब झाला, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेलच. मद्य प्यावें कीं न प्यावें हा वाद स्वतंत्र आहे, आणि न प्यावें असें म्हणून तसें वागणाऱ्यांविषयीं आम्हांस आदरच वाटतो. तो वाद येथें आम्ही उकरीत नाहीं. ज्या घराच्या उंबरठ्याच्या आंत बाटली कधीं आली नाहीं त्या घरालाही मूळ प्रश्न चुकत नाहीं; तेथें तो केशराच्या डबीच्या, आंब्याच्या पेटीच्या किंवा मुंजींतल्या आहेराच्या रूपानें येतो इतकेंच. वाइनचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, किंमत आणि रुचि ह्यांचें परस्परांशीं नातें काय, ह्याचा जितका कसून शोध ह्या एका पेयाच्या बाबतींत झाला आहे तितका केशराच्या किंवा आंब्याच्या बाबतींत झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

तर नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार हा अमेरिकेंत 'थँक्सगिव्हिंग'चा, म्हणजे कृतज्ञतेचा सण. अध्यक्ष लिंकन ह्यांनीं १८६३ सालीं, यादवी युद्ध चालू असतांना, त्यास राष्ट्रीय स्वरूप दिलें, आणि १९४१ सालीं कायद्यानें त्याचा दिवस कायम झाला. दूरदूरचीं मुलें, जांवई, नातवंडें एका टेबलाभोंवतीं जमतात. भाजलेली टर्की, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, बटाटे, रताळीं आणि शेवटीं तांबड्या भोपळ्याचा गोड 'पाय', हा बहुधा ठरलेला बेत. तिकडे स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांनींही हा सण आपलासा केला आहे. फरक इतकाच कीं तेथें टर्कीच्या शेजारीं मसालेभाताचें पातेलें येऊन बसतें, किंवा टर्कीला अजिबात फांटा मिळतो. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची, व तींत पांच पेले निघतात. दहा माणसें जेवावयास असलीं आणि प्रत्येकानें दोन पेले घेतले, तर चार बाटल्या लागतात. १२ डॉलरांची बाटली घेतली तर खर्च ४८ डॉलर. ४० डॉलरांची घेतली तर १६०. मधल्या ११२ डॉलरांचें काय करावें, हा आमच्या यजमानापुढचा प्रश्न.

गंमत अशी कीं नुसत्या जिभेला विचारलें तर ह्या विशिष्ट जेवणाला महाग वाइन फारशी मानवतच नाहीं. दाट व तुरट तांबडी वाइन (आणि मोठ्या किंमतीच्या पुष्कळ तांबड्या वाइनी अशाच असतात) गोड पदार्थांच्या शेजारीं अधिकच कडवट लागते. टर्कीचें मांस मुळांत सौम्य, तें तिच्याखालीं दबून जातें. उलट फ्रान्समधील बोझोले प्रांतांतली गामे द्राक्षाची हलकी तांबडी, किंवा रीसलिंग द्राक्षाची किंचित् गोडसर पांढरी, ह्या जेवणाशीं चांगली जुळते, आणि ह्या दोन्ही साधारण मिळकतीच्या गृहस्थाच्या आटोक्यांत असतात. वाद जिभेचा असता तर तो येथेंच मिटला असता. तरीही दुकानांतील गृहस्थ १२ डॉलरांची बाटली उचलतो, तिच्याकडे पाहतो, आणि लोक काय म्हणतील ह्या विचारानें ती पुन्हां फळीवर ठेवतो. हे लोक कोण? तर ज्यांच्यावर आपलें प्रेम आहे म्हणून ज्यांस आपण जेवावयास बोलाविलें, तेच!

किंमतींत असतें काय, हें आधीं पाहूं. फार स्वस्त बाटलींत कांच, बूच, वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा जाऊन प्रत्यक्ष द्राक्षांच्या वांट्यास थोडेंच उरतें. म्हणून ५ डॉलरांवरून १२ डॉलरांवर गेलों तर वाढलेल्या पैशांतील बराचसा भाग पेल्यांत उतरण्याचा संभव असतो. पुढें मात्र हें प्रमाण घसरत जातें. वाइन मुरविण्यासाठीं लागणारें ओकच्या लांकडाचें नवें फ्रेंच पिंप हजार डॉलरांच्या घरांत पडतें हें ऐकून छाती दडपते. पण त्या पिंपांत २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या मावतात, तेव्हां दर बाटलीमागें त्याचा बोजा तीनचार डॉलरांचाच. कमी पीक, हातानें केलेली तोडणी, तळघरांत वर्षानुवर्षें अडकून पडलेलें भांडवल, हे खर्च खरे आहेत. परंतु त्यांच्याही पलीकडे जी किंमत चढत जाते ती जमिनीची, दुर्मिळतेची आणि नांवाची. शँपेन आणि स्पेनमधील कावा ह्या दोन फेसाळ वाइनींची तुलना करावी. दुसऱ्यांदां आंबविण्याची क्रिया दोहोंतही बाटलींतच होते. पद्धत एक, कष्ट जवळजवळ तेच. शँपेन कमींत कमी १५ महिने आणि कावा ९ महिने ठेवावी लागते, द्राक्षें आणि हवामानही निराळें आहे, हें सर्व मान्य. पण किंमतींत जें दुपटीतिपटीचें अंतर पडतें त्याचा उलगडा ह्या सहा महिन्यांनीं होत नाहीं. तें अंतर मुख्यतः एका शब्दाचें आहे, आणि तो शब्द युरोपांत त्या एका प्रांताबाहेर कोणास वापरतां येत नाहीं.

ह्यावरून रुचि म्हणजे सगळाच भ्रम, असा निष्कर्ष काढण्याची घाई कांहीं मंडळी करतात. आम्हांस ती पसंत नाहीं. डेव्हिड ह्यूम ह्यानें रुचीच्या प्रमाणाविषयीं १७५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत 'डॉन किहोते'मधील एक गोष्ट घेतली आहे. सँको पांझाच्या दोन नातलगांस एका पिंपांतील वाइनची परीक्षा करावयास सांगितलें. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित् चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोकांनीं दोघांचीही टर उडविली. पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली! ह्यूमचा आशय इतकाच कीं बारकावे ओळखणारी जीभ असते, आणि ती जें ओळखते तें वस्तूंत खरोखर असतें. आम्ही त्यांत एवढीच भर घालूं कीं त्या दोघांस पिंपाची किंमत कोणीं सांगितलेली नव्हती.

किंमत आणि नांव झांकून ठेवलें म्हणजे काय होतें, ह्याचे दाखले गेल्या अर्धशतकांत भरपूर जमले आहेत. १९७६ च्या मे महिन्यांत पॅरिस येथें स्टीव्हन स्परिअर ह्या इंग्रज व्यापाऱ्यानें फ्रेंच परीक्षकांपुढें फ्रान्सच्या नामांकित आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइनी नांवें झांकून ठेविल्या, आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही वर्गांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेला. २००२ सालीं ट्रेडर जोज ह्या दुकानांतून चार्ल्स शॉ नांवाची वाइन १.९९ डॉलरास विकावयास आली. २००७ सालीं कॅलिफोर्निया राज्याच्या जत्रेंतील स्पर्धेंत त्याच नांवाच्या शार्डनेनें आपल्या वर्गांत अव्वल मान पटकाविला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, नांव व किंमत न सांगतां घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चांचण्यांचा हिशेब मांडलेला होता. सामान्य माणसांस महाग वाइन सरासरीनें किंचित् कमीच आवडली. ज्यांनीं ह्या विषयाचें शिक्षण घेतलें होतें त्यांच्या बाबतींत मात्र तराजू दुसरीकडे थोडासा कललेला दिसला. म्हणजे ह्यूमचे ते दोन नातलग आजही हयात आहेत. पण आपल्या जेवणास ते क्वचित् येतात.

त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग आमच्या प्रश्नाच्या वर्मीं लागणारा आहे. कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं वीस जणांस मेंदूचें चित्र घेणाऱ्या यंत्रांत निजवून नळीनें वाइन पाजली, आणि घोटाबरोबर तिची किंमत सांगितली. त्यांत एकच वाइन एकदां १० डॉलरांची म्हणून व एकदां ९० डॉलरांची म्हणून दिलेली होती. ९० डॉलरांची म्हणून घेतलेला घोट लोकांस अधिक आवडला. इतकेंच नव्हे, तर सुखाच्या अनुभवाशीं मेंदूच्या ज्या भागाचा संबंध जोडतात तोही त्या वेळीं अधिक जागृत झालेला दिसला. लोक केवळ भिडेखातर वाहवा करीत होते असें म्हणण्यास मग जागा राहत नाहीं. त्यांस खरोखरच अधिक सुख होत असावें.

आतां यजमानाच्या मनांत येणारा मोह पाहा. १२ डॉलरांची वाइन एखाद्या ९० डॉलरांच्या रिकाम्या बाटलींत भरून पाहुण्यांस दिली तर? किंवा इतकेंही न करतां, ओततां ओततां नुसता एक भारदस्त आंकडा कानांवर घातला तर? पाहुण्यांचें सुख वाढेल, यजमानाचे पैसे वांचतील, आणि कोणाच्याही प्रकृतीस अपाय होणार नाहीं. बेंथमच्या जमाखर्चाच्या वहींत हा व्यवहार निखळ नफ्याचा ठरतो. वर्गांत हें कोडें घातलें असतां हुशार मुलें प्रथम हंसतात आणि मग चिडतात. कारण ह्यांत कांहीं तरी वावगें आहे हें त्यांस कळतें, पण नुकसान नेमकें कोणाचें, त्यावर बोट ठेवतां येत नाहीं.

तें बोट ठेवण्यास आम्हांस महाभारताची मदत होते. आदिपर्वांत द्रोणाच्या दारिद्र्याची हकीकत आहे. श्रीमंतांचीं मुलें दूध पितांना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठीं रडूं लागला. द्रोण गाय मिळविण्यासाठीं मुलखांत हिंडला, पण गाय मिळाली नाहीं. तेव्हां इतर पोरांनीं पाण्यांत पीठ कालवून तें अश्वत्थाम्यास दूध म्हणून पाजलें, आणि आपण दूध प्यालों म्हणून तो आनंदानें नाचूं लागला. आपल्याकडे घरोघरीं ही गोष्ट सांगतांना पीठ कालविणारी आई होते व गोष्टीला करुण रूप येतें. मूळ कथेंत पाजणारीं पोरें आहेत, आणि तीं भोंवतीं उभीं राहून हंसत आहेत, त्याच्या बापाच्या गरिबीला नांवें ठेवीत आहेत. अश्वत्थाम्याच्या सुखांत कोठें खोट होती काय? मुळींच नाहीं. यंत्रांत घालून त्याचा मेंदू पाहिला असता तर दुधाचेंच सुख दिसलें असतें. मग द्रोणाचें काळीज कां फाटलें? मुलगा दुधाला मुकला हें दुःख जुनेंच होतें. त्याचा आनंद हा, ज्यांस खरें माहीत आहे अशांच्या करमणुकीचा विषय झाला, हें त्याला सोसलें नाहीं. त्या एका पेल्यापायीं तो द्रुपदाच्या दरबारीं गेला, आणि तेथल्या अपमानांतून पुढें काय काय निघालें तें वाचकांस ठाऊकच आहे.

बाटली बदलणारा यजमान कदाचित् हंसणार नाहीं. तरीही तो एकटा जाणता आणि बाकीचे नेणते, अशी विभागणी त्यानें आपल्याच टेबलाशीं करून ठेवलेली असते. पाहुणा मान डोलावून जी दाद देतो ती त्याची राहत नाहीं. दोरी यजमानाच्या हातीं असते. बरोबरीचा मान देऊन ज्याला घरीं बोलाविलें त्याच्या निर्णयशक्तीचें असें बाहुलें करणें हेंच तें नुकसान, आणि बेंथमच्या वहींत त्याला रकाना नाहीं. आईनें पीठ कालविलें या गोष्टींत आपण आईवर रागावत नाहीं, हें खरें. पण यजमान हा पाहुण्यांची आई नव्हे, आणि पाहुणे कांहीं दुधासाठीं रडत आलेले नसतात.

येथें एक भेद करावयास हवा. किंमत न सांगणें म्हणजे खोटी किंमत सांगणें नव्हे. दुकानाची चिठ्ठी बाटलीवरून खरवडून टाकणें, किंवा वाइन साध्या कांचेच्या सुरईंत ओतून ठेवणें, ह्यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. पाहुण्यानें आपलें मत आपल्या जिभेनें बनवावें ह्याला त्यानें मदतच होते. हें मौन दोन्हीं बाजूंनीं पाळलें गेलें पाहिजे. महाग बाटली आणून तिचा भाव चारचौघांत उच्चारणाऱ्याचा बडेजाव सर्वांच्या लक्षांत येतो. पण 'आमची आपली साधीच हो, स्वस्तांतली,' असें तीनतीनदां म्हणून पाहुण्यांकडून 'छे छे, उत्तम आहे' असें वदवून घेणारा यजमानही तितकाच तापदायक. तो बिचाऱ्या पाहुण्यांवर स्तुतीची पट्टी बसवितो. तैत्तिरीय उपनिषदांत अतिथीला देव मानण्याचा उपदेश जेथें आहे त्याच्या लगतच, द्यावें तें श्रद्धेनें, ऐपतीप्रमाणें आणि लाजून द्यावें असें सांगितलें आहे. ही लाज आपण देणारे झालों ह्याची असावी, असा आम्ही तिचा अर्थ करतों. वस्तु हलकी म्हणून वाटणाऱ्या लाजेचा तेथें संबंध नाहीं.

ऐपतीप्रमाणें म्हणजे किती? ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागांत औदार्याचें माप देणगीच्या आकारावर न ठेवतां देणाराच्या सांपत्तिक स्थितीवर ठेवलें आहे. आणि मित्रमंडळाच्या साध्या जेवणाला लग्नाचा थाट करणाऱ्याची गणना त्यानें उदारांत न करतां ग्राम्यांत केली आहे. आपल्याकडे हेंच 'ऋण काढून सण' ह्या तीन शब्दांत उरकलें आहे. अमेरिकेंत ऋणासाठीं सावकाराचा उंबरा झिजवावा लागत नाहीं, खिशांतलें कार्ड पुढें केलें कीं भागतें. म्हणून तेथें तें ऋण आहे हेंही सणाच्या गर्दींत ध्यानांत येत नाहीं.

पण ऐपतीचा ह्याहून खोल अर्थ धाकटा प्लिनी ह्या रोमन लेखकाच्या एका पत्रांत आम्हांस सांपडतो. तो एका गृहस्थाकडे जेवावयास गेला असतां यजमानानें वाइनचे तीन प्रकार लहान लहान कुप्यांतून मांडले होते: एक स्वतःसाठीं व बड्या पाहुण्यांसाठीं, दुसरा कमी प्रतीच्या मित्रांसाठीं, तिसरा दास्यमुक्त झालेल्या लोकांसाठीं. हें तुम्हांला पटतें काय, असें शेजाऱ्यानें विचारतांच प्लिनीनें नाहीं म्हणून सांगितलें; आपण सर्वांस एकच वाढतों, कारण जेवावयास बोलावलेला मनुष्य तेवढ्यापुरता आपल्या बरोबरीचाच असतो. मग फार खर्च येत असेल? मुळींच नाहीं, प्लिनी म्हणाला. कारण माझे लोक माझी वाइन पीत नाहींत, मी त्यांची पितों. एकोणीसशें वर्षांपूर्वींचें हें उत्तर आम्हांस आजच्या कोणत्याही पाकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यापेक्षां उपयोगी वाटतें. आपल्या जुन्या समाजांत पहिल्या यजमानाच्या वर्तनाला पंक्तिप्रपंच म्हणत, आणि एकाच पंक्तींत एकाला तूप व दुसऱ्याला तेल वाढणें हें पाप मानीत. (ज्या समाजानें पंक्तिप्रपंचाला पाप म्हटलें त्यानेंच कोणीं कोणाच्या पंक्तीस बसावें ह्याविषयीं काय काय नियम केले होते, हें आठवलें म्हणजे मान खालीं जाते, पण तो विषय निराळ्या लेखाचा.)

प्लिनीचा कित्ता गिरवावयाचा म्हटला तर आमच्या यजमानाचा हिशेब पुष्कळ सोपा होतो. एक भारी बाटली कचेरींतल्या साहेबासाठीं व सासऱ्यांसाठीं राखून बाकीच्यांस स्वस्तांतली, ही वांटणी बाद. सर्वांस तीच, सर्वांस पुरेल इतकी, आणि एरवीं आपण घरीं ज्या आवडीनें पितों तशी. एवढ्यांत जी किंमत बसेल ती त्याची ऐपत. ४० डॉलरांच्या चार बाटल्या ज्याला सहज झेपतात त्यानें त्या खुशाल आणाव्या.

इतकें झालें तरी एक मनुष्य ह्या हिशेबांतून राहून जातो, आणि तो टेबलाशीं बसलेला नसतो. तो म्हणजे द्राक्षें खुडणारा मजूर. १९६५ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियांतील डेलानो येथें लॅरी इटलिओंग ह्यांच्या नेतृत्वाखालीं फिलिपिनो मजुरांनीं संप पुकारला. थोड्याच दिवसांत सीझर चावेझ ह्यांची संघटना त्यांस येऊन मिळाली, आणि तो झगडा १९७० सालीं करार होईपर्यंत चालला. लाखो अमेरिकन कुटुंबांनीं त्या काळांत द्राक्षें घेणें सोडलें होतें. स्वस्ताईचें मूळ दोन ठिकाणीं असूं शकतें: नांवाचा व थाटाचा फालतू खर्च गाळण्यांत, किंवा दुसऱ्या कोणाच्या ताटांतला घांस काढून घेण्यांत, आणि बाटलीवरची चिठ्ठी ह्या दोहोंतला फरक सांगत नाहीं. दोन डॉलरांची वाइन सपाट विस्तीर्ण मळे, यंत्रानें तोडणी आणि प्रचंड उत्पादन ह्यांच्या जोरावर प्रामाणिकपणेंही निघूं शकते. पण १९८६ सालीं इटलींत स्वस्त वाइनमध्यें मेथिल अल्कोहोलची भेसळ होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं, तीही स्वस्ताईच होती. महाग बाटली घेतल्यानें ह्यांतून सुटका होते असेंही नाहीं. वरचा पैसा मजुराच्या हातीं पोंचतो ह्याची हमी कोण देणार? तो बहुधा जमिनीला आणि नांवाला मिळतो. आणि नांवाचा भरंवसा किती धरावा, हें दुर्मिळ वाइनींची नक्कल करून लक्षावधि डॉलरांस विकणाऱ्या रूडी कुर्नियावान ह्यास २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें दोषी ठरविलें तेव्हां भल्याभल्या संग्राहकांस कळलें. तेव्हां अगदीं तळाची किंमत दिसली म्हणजे दुकानदाराला दोन प्रश्न विचारावे, मळेवाला कोण आणि द्राक्षें कोठचीं. समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं तर दोनतीन डॉलर अधिक देऊन ज्याची माहिती मिळते अशी बाटली घ्यावी. ह्याहून जास्त पुण्य दुकानाच्या दारांत पदरांत पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

राहतां राहिला न पिणारा पाहुणा. मराठी घरांतील अशा जेवणाला तो हटकून असतो: भारतांतून सहा महिन्यांसाठीं आलेली आजी, वाइनला कधीं न शिवलेले काका, गरोदर सून, रात्रीं गाडी हांकीत दोन तासांच्या वाटेवर परत जावयाचा असलेला मित्र. वाइनच्या फळीपुढें तासभर घोटाळणारा यजमान ह्यांच्यापुढें नळाचें पाणी किंवा पोरांसाठीं आणलेलें एखादें बाटलींतलें सरबत ठेवून मोकळा होतो, आणि आपण पंक्तिप्रपंच केला हें त्याच्या गांवींही नसतें. त्या दिवसांत अमेरिकेंत सफरचंदाचा न आंबविलेला ताजा रस मुबलक मिळतो. फेसाळ करून वाइनसारख्याच बाटल्यांत भरलेलाही मिळतो. ११२ डॉलर वांचले आहेत, त्यांतले दहापंधरा तिकडे वळवावे, वाइनचे जे पेले मांडले असतील त्याच पेल्यांतून तो रस द्यावा, आणि ओतावयास सुरुवात आजीपासून करावी.